आमचे प्रभारी

कायद्यावर मनापासून जीव असलेला माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला. वकील पुष्कळ पाहिले, पण त्यांचं कायद्याशी नातं व्यापाऱ्याचं कांद्याशी असतं तेवढंच. आमच्या शिरूरच्या कॉलेजचे प्रभारी प्राचार्य मात्र कायद्यावर प्रेम करायचे, तेही बदल्यात काही न मागता. प्रभारी म्हणजे कायमचा प्राचार्य नेमला जाईपर्यंत कारभार सांभाळणारा तात्पुरता माणूस. ह्यांचं तात्पुरतेपण चार वर्षं चाललं. त्यामुळे त्यांचं खरं नाव गावात कुणाच्या लक्षातच राहिलं नाही. मंडईतल्या बाईपासून फौजदारापर्यंत सगळे त्यांना 'प्रभारी' म्हणत, आणि पोस्टमन त्यांच्या बायकोला 'प्रभारीणबाई' म्हणून हाक मारी. मी त्या कॉलेजचा हेडक्लार्क. चार वर्षं त्यांच्या टेबलाला टेबल लावून बसलो, हसलो, वैतागलो, आणि शेवटी त्यांचं जे नुकसान झालं त्याला कारणही मीच झालो. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर त्यांच्या गमती सांगण्याच्या नादात ते राहून जायचं.

साठ साल नुकतंच उलटलं होतं. तालुक्यातल्या बागायतदार मंडळींनी मिळून कॉलेज काढलं. इमारत म्हणजे पत्र्याची दोन गोदामं. उन्हाळ्यात पत्रा तापला की शिकवणारे आणि शिकणारे सारखेच पेंगत. संस्थेचे अध्यक्ष होते केंदूरचे आप्पा. स्वतः चौथीपर्यंत शिकलेले, पण माणूस दिलदार आणि आवाज असा, की सभेला कधी लाऊडस्पीकर लागला नाही. प्राचार्य नेमायला विद्यापीठाची मान्यता लागते हे कळल्यावर आप्पा भडकले. "जागा आमची, पत्रं आमचं, पोरं आमची," ते म्हणाले, "मंग हेडमास्तर कोन आसावा त्ये इद्यापीठ कशापायी सांगतंय?" कचेरीतले आम्ही सगळे खाली माना घालून बसलो. प्रभारींनी मात्र शांतपणे विचारलं, "आप्पा, तुमच्या सोसायटीचा चेअरमन कोण निवडतं?"

"आमीच की."

"आणि निवडणूक रीतसर झाली की नाही, हे कोण बघतं?"

"त्यो रजिस्ट्रारचा सायेब बगतो."

"मग तसंच हे. नेमायचा अधिकार तुमचा. तो तुमच्याकडून कुणी काढून घेत नाही. पण मान्यतेचा अधिकार विद्यापीठाचा. निवड समितीत कुलगुरूंचा प्रतिनिधी बसला पाहिजे, समितीनं निवडलं पाहिजे, मग मान्यतेचं पत्र आलं पाहिजे. तोवर प्राचार्य म्हणून कुणी जन्मालाच येत नाही."

आप्पांनी बराच वेळ विचार केला आणि विचारलं, "मंग तुमी कोन?"

"मी अजून कुणीच नाही," प्रभारी आनंदानं म्हणाले. "मी नुसता सांभाळतोय."

हा स्वभाव त्यांनी दौंडहून आणला होता. त्यांचे वडील दौंड जंक्शनवर सांधेवाले होते. रुळांचे सांधे बदलण्यात आणि सिग्नलकडे बघण्यात त्यांची हयात गेली. मोठा भाऊ गार्ड, चुलता लोकोशेडमध्ये. सिग्नल पडल्याशिवाय गाडी हलली की माणसं मरतात, हे त्या घरात नमाजाइतकंच लहानपणी शिकवत. प्रभारी एकटेच पुस्तकांच्या वाटेला गेले. रेल्वेच्या कचेरीत नोकरी करत बाहेरून परीक्षा देत एम.ए. झाले आणि तर्कशास्त्र शिकवायला आमच्याकडे आले. सिग्नलची भीती तेवढी सोबत आली. विद्यापीठाच्या कायद्याची एक प्रत खाकी कागदाचं कव्हर घालून ते कायम पिशवीत बाळगत आणि दौंडला जाता-येता एसटीत वाचत. न्हावऱ्याजवळ एकदा कंडक्टरनं मोठ्या आदरानं विचारलं, "बाबा, कंची पोथी म्हनायची ही?" तर ह्यांनी चौफुल्यापर्यंत त्याला संलग्न महाविद्यालयांच्या प्राचार्यांची नेमणूक समजावून सांगितली. कंडक्टर चार जणांना तिकिटं द्यायला विसरला म्हणतात.

आप्पांनी केंदूरहून प्राचार्यांसाठी एक सागवानी खुर्ची करवून पाठवली होती. तिच्यावर प्रभारी एकदाही बसले नाहीत. मान्यता नसलेल्या माणसानं त्या खुर्चीवर बसणं म्हणजे बिनतिकिटाचा प्रवास, असं त्यांचं मत. ते शेजारी एका लोखंडी खुर्चीवर बसत आणि शिपाई रोज सकाळी सागवानी खुर्ची पुसून ठेवी. वरवंडचा एक शेतकरी मुलीचं नाव घालायला आला. दारात चपला काढून, त्या रिकाम्या खुर्चीला वाकून रामराम घालून त्यानं विचारलं, "मोठं सायेब कुठं गेलं?"

"यायचे आहेत," प्रभारी म्हणाले.

"कवा येत्याल?"

"विद्यापीठाचं पत्र आलं की."

तो भला माणूस दोन तास बसून राहिला. शेवटी प्रभारींनीच मुलीचा फॉर्म भरला, सुटीत घरी जाण्यासाठी एसटीचा पास काढून देण्याची व्यवस्था केली, तिला राहायला एका मास्तरणीच्या घरी खोली बघून दिली. निघताना तो माणूस गहिवरून म्हणाला, "तुमी लई चांगलं हाय. मोठं सायेब आलं की म्या तुमची शिफारस करतो." प्रभारींनी हात जोडून त्याचे आभार मानले. मी हसू दाबण्यासाठी कपाटात तोंड घालून फाइल शोधत राहिलो.

सही करताना ते न चुकता वर 'प्राचार्यांकरिता' असं लिहीत. दाखल्यावर, रजेच्या अर्जावर, खडूच्या मागणीवरसुद्धा. विद्यार्थ्यांची त्यामुळे अशी ठाम समजूत झाली होती, की खरे प्राचार्य पुण्यात कुठंतरी आजारी आहेत. एकानं तर त्यांना लवकर आराम पडो म्हणून अर्जाच्या खाली दोन ओळी लिहिल्या. घरीही तोच प्रकार. भाजी निवडून पिशवीत टाकायचे ते, पण पैसे देण्याआधी भाभींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, दाखवून त्यांचा होकार घ्यायचे; नेमणूक माझी, मान्यता हिची, असं भाजीवालीला समजावून सांगायचे. मुलगी झाली तेव्हा त्यांनी नाव ठरवलं आणि सासऱ्यांच्या मान्यतेसाठी पत्र धाडलं. सासरे सोलापुरात, पत्राला उत्तर देण्यात आळशी. तीन महिने ती पोर नुसती 'बेबी' होती. भाभी चिडून मला म्हणाल्या, "भाऊसाहेब, माझी पोरगीपण प्रभारीच ठेवली की हो ह्यांनी!"

ह्या माणसाला कायद्यापलीकडे काही दिसत नाही, असं मी पहिलं वर्षभर म्हणत असे. मग केंदूर-शिक्रापूरकडच्या पोरांची एसटी आली. म्हणजे येत नव्हती. रोज अर्धा तास उशिरा येई आणि त्या पोरांचा पहिला तास बुडे. मी म्हटलं, घंटा अर्धा तास पुढे ढकला, तुमच्या एका सहीचं काम आहे. ते म्हणाले, वेळापत्रक बदलायचा अधिकार प्राचार्यांचा, सांभाळणाऱ्याचा नाही. मला संताप आला. पण दुसऱ्या दिवसापासून बघतो, तर प्रभारी पहिल्या तासाला मागच्या बाकावर बसून टिपणं काढतायत. इतिहास असो, अर्थशास्त्र असो. आणि कॉलेज सुटल्यावर त्या दहा-बारा पोरांना चिंचेखाली बसवून तोच तास पुन्हा शिकवतायत. हे दोन वर्षं चाललं. अर्थशास्त्राचे प्राध्यापक मला खाजगीत म्हणाले, की चिंचेखालचा तास त्यांच्या तासापेक्षा बरा होतो.

अखेर चौथ्या वर्षी कायमच्या प्राचार्याची जाहिरात निघाली. प्रभारींनी अर्ज केला. निवड अर्जांवरूनच व्हायची होती; समितीत आप्पा, संस्थेचे दोन संचालक आणि पुण्याहून येणारे कुलगुरूंचे प्रतिनिधी. आप्पांनी तर आधीच पेढे सांगून ठेवले होते. चार वर्षांत आप्पांचा त्यांच्यावर असा जीव जडला होता, की घरच्या लग्नाच्या याद्याही ते त्यांना दाखवत. प्रभारींनी मात्र समितीच्या दिवशी रीतसर रजा काढली, कारभार माझ्यासमोर एका ज्येष्ठ प्राध्यापकांकडे लेखी सोपवला, आणि आपल्या वावरण्यानं समितीवर दडपण येऊ नये म्हणून आदल्या दिवशीच दौंडला निघून गेले.

सभा सकाळी अकराची. सव्वाअकराला एका ट्रकवाल्यानं निरोप आणला, की पुण्याच्या साहेबांची मोटार शिक्रापुरात बंद पडली आहे, मेकॅनिक शोधतायत. बारा वाजले, एक वाजला. एका संचालकांना नगरला जायचं होतं, दुसऱ्यांच्या मळ्यावर पाण्याची पाळी होती. आप्पा म्हणाले, "आरं, सायेब येऊन तरी काय येगळं सांगनार हाय? निवड करून टाकू, सही मागनं घिऊ." आमच्या भागातल्या सोसायट्यांचा कारभार असाच चाले. सभेला कुणी गैरहजर असला तर प्रोसिडिंगचं बुक त्याच्या घरी जाई, गोठ्यात जाई, वेळ पडली तर लग्नाच्या पंगतीत जाई; तिथं सही झाली की तो माणूस सभेला हजर होता, असं सगळे धरून चालत. ह्यात कुणाला काही लबाडी वाटत नसे. मलाही वाटली नाही. मी 'उपस्थित' ह्या मथळ्याखाली चारी नावं सुवाच्य अक्षरात लिहिली, तीन सह्या घेतल्या, बुक पिशवीत घातलं आणि एसटीनं शिक्रापूर गाठलं. साहेब एका हॉटेलच्या बाकावर भजी खात बसले होते. अर्ज त्यांनी आधी वाचलेलेच होते. म्हणाले, "ह्यांना नाही करायचं तर कुणाला करायचं? आणा इकडे." आणि तेलकट बोटं रुमालाला पुसून त्यांनी सही केली.

प्रभारी सोमवारी परत आले. आप्पांनी त्यांच्या तोंडात पेढा कोंबला. आता फक्त मान्यतेचं पत्र यायचं होतं, आणि ते येणार ह्यात शंका नव्हती, कारण सही करणारे साहेबच विद्यापीठात वजनदार. ते पंधरा दिवस प्रभारी वेगळेच होते. कचेरीत गुणगुणायला लागले. मला एकदा विचारलं, "प्राचार्य झाल्यावर घंटा अर्धा तास पुढे ढकलायचा पहिला हुकूम काढू. मसुदा करून ठेवाल?" दौंडला त्यांच्या अम्मींनी सगळ्या रेल्वे चाळीत सांगून टाकलं होतं, की माझा मुलगा प्रिन्सिपल झाला. मी मसुदा केला, तारीख तेवढी कोरी ठेवली.

आणि मग एका दुपारी मी तोंड उघडलं. दुसरं काही नाही, गंमत म्हणून. त्यांचा आनंद बघून मलाही उधाण आलं होतं. शिक्रापूरचं हॉटेल, ती भजी, साहेबांची तेलकट बोटं, सगळं रंगवून सांगितलं. ते आधी खूप हसले. मग हसू हळूहळू ओसरलं आणि त्यांनी विचारलं, "सही शिक्रापुरात झाली?"

"हो."

"किती वाजता?"

"चार-साडेचार झाले असतील."

"आणि सभा कधी संपली?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मी काय करून बसलो. त्यांनी प्रोसिडिंग बुक मागवलं, 'उपस्थित' खालची चार नावं वाचली, बुक मिटलं आणि कोरा कागद पुढे ओढला. मी हात धरला. अक्षरशः धरला. "सर, साहेबांची संमती आहे. आप्पांची आहे. विद्यापीठाला कळणारही नाही. पत्र दोन दिवसांत येईल." ते म्हणाले, "संमती आहे, ते खरं. पण ते हजर नव्हते. कायदा म्हणतो हजर पाहिजेत." मी निरोप धाडून आप्पांना बोलावलं. आप्पा आले ते धापा टाकतच. एवढ्या मोठ्या आवाजाचा माणूस, पण त्या दिवशी खालच्या आवाजात बोलले.

"सर, एक सांगा. त्यो सायेब आला आस्ता, तर त्येनं तुमालाच निवडलं आस्तं का न्हाई?"

"निवडलं असतं."

"मंग?"

"पण आला नव्हता, आप्पा."

आप्पा उठले आणि निघून गेले. झालेला प्रकार विद्यापीठाला कळवणारं पत्र लिहून झाल्यावर प्रभारींनी ते माझ्याच हाती दिलं, रीतसर जावक क्रमांक घालून टपालात टाकायला. दोन दिवस ते माझ्या खणात पडून होतं. कागद गहाळ करणं कारकुनाला काय अवघड? आजवर किती झाले असतील. तिसऱ्या दिवशी त्यांनी नुसतं विचारलं, "जावक क्रमांक किती पडला?" आणि मी उठून पत्र टाकून आलो. मला त्यांच्यासमोर खोटं बोलता येईना. येत असतं तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

विद्यापीठानं त्यांचे आभार मानले. निवड रद्द. पुन्हा जाहिरात, पुन्हा समिती. एवढ्यानं काही बिघडलं नसतं. दुसऱ्या खेपेला तेच निवडून आले असते. पण मधल्या सात-आठ महिन्यांत नवे नियम आले, आणि प्राचार्याला एम.ए.ला निदान दुसरा वर्ग पाहिजे असं ठरलं. रात्रपाळ्या करून, बाहेरून परीक्षा देऊन मिळवलेला ह्यांचा वर्ग तिसरा. नव्या जाहिरातीचे अर्ज आले, तेव्हा छाननी करून पात्र आणि अपात्र अशा दोन याद्या विद्यापीठाला पाठवायचं काम कचेरीचं होतं. स्वतः उमेदवार असल्यानं ते त्यांनी करायला नको होतं, आणि तसं ते म्हणालेही. पण ते ज्येष्ठ प्राध्यापक आजारी होते आणि मुदत त्या दिवशी संपत होती. मी एकेक अर्ज वाचत होतो, ते एका बाजूला नाहीतर दुसऱ्या बाजूला ठेवत होते. त्यांचा अर्ज आला तेव्हा मी वाचलाच नाही, नुसता पुढे केला. मनात म्हणत होतो, ठेवा चांगल्या बाजूला, एकदा ठेवा, पुढचं आप्पा बघून घेतील. त्यांनी अर्ज हातात घेतला, गुणपत्रिकेची नक्कल उलटून पाहिली आणि अपात्रांच्या गठ्ठ्यावर ठेवला. कोपऱ्यात शिसपेन्सिलीनं लिहिलं, 'वर्ग तिसरा'. म्हणाले, "पुढचा वाचा."

नवे प्राचार्य आले. तरुण, डॉक्टरेट झालेले, चांगले गृहस्थ होते. त्यांची निवड पूर्ण कायदेशीर झाली. समितीचे सगळे सभासद हजर होते आणि आप्पा सभेत एक शब्द बोलले नाहीत. प्रभारींनी त्यांना यादीप्रमाणे एकेक किल्ली मोजून दिली. घंटा काही पुढे ढकलली गेली नाही. आणखी एक वर्ष ते शिकवत राहिले. गाव त्यांना 'प्रभारी'च म्हणत राहिलं, ते नव्या प्राचार्यांना अवघड वाटतं हे त्यांना जाणवे. मग अम्मींचं वय झालं असं सांगून ते दौंडच्या एका शाळेत नोकरी धरून गेले. शिरूरच्या स्टँडवर पोचवायला चिंचेखालची पोरं आली होती. मी गेलो नाही. तोंड दाखवायची लाज वाटली, दुसरं काय.

तीन-चार वर्षांनी सोलापूरला लग्नाला जाताना दौंडला गाडी बदलायची होती. मध्ये तीन तास होते. पाय आपोआप रेल्वे चाळीकडे वळले. त्यांनी दारातच मिठी मारली. थोडे वाकले होते, केस पिकले होते. भाभींनी चहा दिला, बेबी चांगली मोठी झाली होती. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या आणि मग मला राहवेना. म्हटलं, "सर, त्या दिवशी मी ती शिक्रापूरची गंमत सांगितली नसती, तर तुम्ही प्राचार्य झाला असतात. मला हे रोज टोचतं." मला वाटलं, आता ते कलम सांगतील.

"चूक तुमची नव्हती हो. सभेची होती," ते म्हणाले. बशीतला चहा संपवला. मग भाभींना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, "पण मला व्हायचं होतं, भाऊसाहेब. फार व्हायचं होतं."

चार वर्षं त्यांच्या शेजारी बसून मला हे कधी दिसलं नव्हतं. कायदा जिंकला म्हणून हा माणूस मनातून सुखी असेल, अशीच मी माझी समजूत घातली होती. तेवढ्यात आतून भिंतीचा आधार घेत अम्मी आल्या. दृष्टी अधू झाली होती. मला जवळ बोलावून त्यांनी माझ्या तोंडावरून हात फिरवला.

"शिरूरवरनं आलात नव्हं? माजा ल्योक प्राचार्य व्हता, तवा तुमी त्येच्याच हापिसात व्हता ना?"

मी प्रभारींकडे पाहिलं. रजेच्या अर्जातली तारीख चुकली तरी परत पाठवणारा तो माणूस खाली मान घालून बसला होता. त्यानं अम्मींना दुरुस्त केलं नाही. कितीदा केलं नसेल कुणास ठाऊक.

"व्हय अम्मी," मी म्हटलं. "चार वर्षं व्हतो. तसा प्राचार्य पुन्ना झाला न्हाई."

अम्मी समाधानानं हसल्या आणि भाभींना म्हणाल्या, "पावन्याला जेवल्याबिगर सोडू नगंस." मी जेवायला थांबलो. माझी गाडी चुकली.